एकटा तपासणीस कोणाच्या सोयीचा?

सप्टेंबर जवळ आला की सांगली-मिरजेपासून विटा-तासगावपर्यंत पतसंस्था आणि नागरी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होतात. अहवालाच्या मागच्या पानांवर खर्चाचा तक्ता असतो आणि त्यात ‘प्रशिक्षण व प्रवास’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवर आता वाद होऊ लागला आहे. अंतर्गत तपासणी विभागातल्या माणसांना कार्यशाळांना, परिषदांना, व्यावसायिक संघटनांच्या बैठकांना पाठवण्यासाठी संस्थेने पैसे का खर्चायचे, असे सभासद विचारतात. ‘ठेवीदारांच्या पैशावर महाबळेश्वरची हवा’ असा टोमणाही येतो. व्यासपीठावरून उत्तर मिळते की नियमच तसा आहे, प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात, प्रमाणपत्रे फाइलला लावावी लागतात. मग विषय मंजूर होतो, नाहीतर रक्कम निम्मी होते. या वादात दोन्ही बाजू खर्चच मोजत बसल्या आहेत, एक रुपयांत आणि दुसरी तासांत. गेलेला माणूस तिथून काय घेऊन आला आणि तो परतल्यावर संस्थेच्या तपासणीत काय बदलले, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. अंतर्गत लेखापरीक्षकाने, म्हणजेच संस्थेच्या स्वतःच्या तपासणीसाने, आपल्याच कामातल्या, पण दुसऱ्या संस्थांमधल्या माणसांना नियमितपणे भेटणे, त्यांच्याकडून शिकणे आणि त्यांना शिकवणे हा ठेवीच्या सुरक्षिततेचा भाग आहे. संस्थेने त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही दिले पाहिजेत. या जिल्ह्यात नागरी बँका आणि पतसंस्थांच्या तपासणीत मी बराच काळ घालवला. तपासणीसाचे अज्ञान जितके नडताना दिसले, त्याहून त्याचे एकटेपण जास्त नडताना दिसले. ज्यांना तपासणी नकोच असते त्यांना हे एकटेपण फार सोयीचे पडते, आणि खर्चावर प्रामाणिकपणे बोट ठेवणारा सभासद नकळत त्यांचेच काम सोपे करून देतो.

अंतर्गत तपासणीस म्हणजे नेमका कोण, हे आधी पाहू. कायद्याने नेमावा लागणारा वैधानिक लेखापरीक्षक बाहेरून येतो, काम करतो आणि निघून जातो. त्याच्या पाठीशी त्याची फर्म असते, भागीदार असतात, १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था असते, सांगलीत आणि साताऱ्यातही तिच्या शाखा आहेत. अंतर्गत तपासणीस मात्र त्याच संस्थेचा पगार घेतो. ज्या शाखाधिकाऱ्याच्या कर्जफायली तो उघडतो, तो पुढच्या वर्षी त्याचा वरिष्ठ होऊ शकतो. त्याच्याकडे बी. कॉम.ची पदवी असते, पुष्कळदा जी.डी.सी. अँड ए. ही सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका झालेली असते, आणि बहुतेक वेळा तो या विभागात स्वतःच्या इच्छेने आलेला नसतो. मॅनेजरशी पटले नाही म्हणून तपासणी विभागात बदली, निवृत्तीला दोन वर्षे राहिली म्हणून तपासणी विभागात बदली, हे आपल्याकडे सर्रास चालते. लहान पतसंस्थेत तर तो एकटाच असतो. शाखेतल्या कॅशियरला दुसऱ्या शाखेतला कॅशियर भेटतो, कर्ज अधिकाऱ्याला कर्ज अधिकारी भेटतो. तपासणीसाने ‘ही नोंद मला खटकते, तुला काय वाटते?’ असे विचारावे असा माणूस त्या इमारतीत नसतो. आणि तपासणीच्या कामात हा प्रश्न रोज पडतो.

या एकटेपणाची किंमत काय, ते ऊसपट्ट्यातल्या कोणालाही ठाऊक असलेल्या उदाहरणावरून सांगतो. साखर कारखाने आणि वाहतूकदार ऊसतोडणीसाठी मजुरांच्या टोळ्या आणणाऱ्या मुकादमांशी करार करतात आणि हंगामाच्या कितीतरी आधी लाखो रुपयांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात. काही मुकादम एकाच हंगामासाठी दोन-तीन ठिकाणांहून उचल घेतात आणि टोळी तिसरीकडेच उतरवतात, किंवा उतरवतच नाहीत. सांगली, सातारा, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत अशा फसवणुकीच्या फिर्यादी वर्षानुवर्षे दाखल होत आल्या आहेत. प्रत्येक कारखान्याच्या तपासणी विभागाकडे कराराच्या प्रती असतात, आधार कार्डाच्या प्रती असतात, मागच्या येणेबाकीची यादी असते. पण शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचा तपासणीस तीच यादी घेऊन बसलेला असतो आणि या दोघांची कधी भेटच झालेली नसते. फसवणारा एका हंगामात तीन दारे फिरून येतो. तपासणीसाला दुसरे दार कुठे आहे हेही माहीत नसते.

सोनेतारणातही हेच होते. मूल्यांकन करणाऱ्या सराफाला हाताशी धरून मुलामा दिलेले दागिने गहाण ठेवण्याचा प्रकार एका पतसंस्थेत यशस्वी झाला की तीच माणसे पुढच्या पतसंस्थेकडे वळतात. पहिल्या संस्थेने बदनामीच्या भीतीने तोंड मिटलेले असते, म्हणून दुसरी संस्था त्याच सापळ्यात नव्याने पाय टाकते. बेदाण्यावर किंवा हळदीवर तारण कर्ज देताना माल त्या गोदामात खरेच आहे का आणि त्याच मालावर दुसऱ्या कोणाचा बोजा आहे का, हे एका संस्थेत बसून पुरते कळत नाही. मार्चअखेरीला थकीत कर्ज नवे-जुने करून थकबाकी झाकायची पद्धतही शाखेशाखेत वेगळे कपडे घालून येते. कुठे नातेवाइकाच्या नावे नवे कर्ज निघते, कुठे सस्पेन्स खात्यातून, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या खात्यातून, चार दिवस रक्कम फिरवली जाते. हे प्रकार ज्याने एकदा पाहिले आहेत त्याला दुसऱ्यांदा ओळखायला एक दुपार पुरते. ज्याने कधीच पाहिले नाहीत त्याला तीन वर्षे लागतात, आणि तोवर रक्कम तिप्पट होते. प्रत्येकाने सगळे प्रकार स्वतःच्या संस्थेत घडल्यावरच शिकायचे, असा हट्ट आपण का धरावा?

हा प्रश्न आता नियमांच्या अंगानेही टाळता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये ५०० कोटी आणि त्याहून अधिक मालमत्तेच्या नागरी सहकारी बँकांना जोखीमाधारित अंतर्गत लेखापरीक्षण लागू केले आणि त्यासाठी ३१ मार्च २०२२ ही मुदत दिली. व्हाउचरवर खुणा करत जाण्याची जुनी पद्धत त्यात पुरत नाही. कोणत्या शाखेत, कोणत्या व्यवहारात जोखीम जास्त आहे हे आधी ठरवायचे आणि तपासणीचा वेळ तिकडे वळवायचा. पण जोखीम ठरवायची कशावरून? ज्या शाखेत आजवर काही घडले नाही ती कमी जोखमीची, असे एकट्या संस्थेचा अनुभव सांगतो. दुसऱ्या दहा संस्थांचा अनुभव सांगतो की जिथे एकच शाखाधिकारी आठ वर्षे बसला आहे आणि कधी रजाही घेत नाही, ती शाखा आधी उघडून पाहा. हे शहाणपण परिपत्रकातून मिळत नाही. ज्याने ते सोसले आहे तोच ते सांगू शकतो. पतसंस्थांची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तिथे संस्थेत बसलेल्या तपासणीसाचा डोळा हेच ठेवीदाराचे पहिले संरक्षण असते.

आता विरोधातले मुद्दे. त्यांतले दोन मला खरोखर वजनदार वाटतात. पहिला गोपनीयतेचा आणि संगनमताचा. सांगलीसारख्या शहरात सगळे एकमेकांना ओळखतात. तपासणीस महिन्यातून एकदा एकत्र बसू लागले तर ग्राहकांची माहिती बाहेर जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे ते एकमेकांना सांभाळून घेऊ लागतील, अशी भीती अनेक संचालक बोलून दाखवतात. ती खोटी नाही. ओळखीपोटी शेरा सौम्य करणे हा आपल्या गावांतला जुना रोग आहे. पण हे सगळे लोक लग्नात, जत्रेत, पतसंस्था फेडरेशनच्या कार्यक्रमात आजही भेटतातच ना? ओळख आहेच. नाही ती व्यवसायाची शिस्त असलेली ओळख, जिथे विषय ठरलेला आहे, कर्जदाराचे नाव घ्यायचे नाही हा नियम आहे आणि झालेल्या चर्चेची नोंद राहते. फसवणुकीची रीत सांगायला खातेदाराचे नाव लागत नाही. मुकादमांच्या बाबतीत नावेच लागतील, हे मान्य. पण तिथे कारखान्यांनी लेखी करार करून, उचल घेणाऱ्याची करारातच संमती घेऊन यादी ताडून पाहण्याचा मार्ग मोकळा आहे. संगनमत अंधारात वाढते. पंधरा जणांच्या समोर ज्याने आपली तपासणीची पद्धत मांडली आहे, त्याला दुसऱ्या दिवशी उघडउघड गोलमाल शेरा लिहिणे जड जाते, कारण आता त्याची कसोटी लावणारे डोळे संस्थेबाहेरही आहेत.

स्वातंत्र्य म्हणजे कोणाशी संबंध न ठेवणे, ही समजूतच मुळात तपासून घ्यायला हवी. आपल्याच इतिहासात तिचे उत्तर आहे. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत त्याच्याबरोबर दरकदार, म्हणजे हिशेब आणि दप्तर सांभाळणारे अधिकारी, नेमलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस ही त्यांतली काही नावे. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. त्याच गावात राहून, त्याच लोकांत वावरून ते वरच्या अधिकाऱ्यावर वचक ठेवू शकत, कारण त्यांचे पद मामलेदाराच्या मर्जीवर नव्हते आणि ते एकटेही नव्हते. एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी जुळावी लागे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. पदे वंशपरंपरेने चालत आणि ज्ञान घराण्यातच अडकून पडे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जास्त बोली लावणाऱ्याला मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा ही देखरेख निष्प्रभ झाली. ज्याने मक्ता विकत घेतला आहे त्याला हिशेब विचारणारा कशाला हवा असतो? आजच्या अंतर्गत तपासणीसाचे स्वातंत्र्यही त्याला कोण हटवू शकतो आणि त्याचा अहवाल थेट कोणाकडे जातो यावर ठरते. तो चार सहव्यवसायींबरोबर चहा पितो की नाही, यावर ते ठरत नाही.

दुसरा वजनदार मुद्दा असा की मोठे घोटाळे ज्ञानाच्या अभावाने झालेलेच नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रिझर्व्ह बँकेचे तपासनीस तिजोरीपाशी गेले आणि १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा अपहार बाहेर आला. रोकड मोजणे ही लेखापरीक्षणातली सर्वांत जुनी तपासणी. त्यासाठी कोणते प्रशिक्षण हवे होते? काहीच नाही, हे मी मान्य करतो. तिजोरी उघडा असे म्हणायला ज्ञान लागत नाही, धैर्य लागते. आणि माझा युक्तिवाद नेमका इथूनच सुरू होतो. ते धैर्य येते कुठून? पगार, बदली, मुलांचे शिक्षण सगळे ज्याच्या हातात आहे त्या सरव्यवस्थापकासमोर उभे राहून ‘सगळी रोकड माझ्यासमोर मोजा’ असे म्हणणे एकट्या माणसाला कठीण जाते. आपलाच संशय त्याला खोटा वाटू लागतो. इतकी वर्षे सगळे ठीक चालले आहे, वैधानिक लेखापरीक्षकाने सही केली आहे, मग मीच काय शहाणा, असे तो स्वतःला समजावतो. त्याच वेळी दुसऱ्या बँकेतला अनुभवी माणूस त्याला म्हणाला, ‘आमच्याकडे महिन्यातून एकदा न सांगता पूर्ण रोकड मोजतात, आणि ती कोणत्या दिवशी मोजायची हे सरव्यवस्थापकाला माहीत नसते,’ तर मागणी करताना त्याच्या बाजूला प्रघात उभा राहतो. मागणी आता त्याच्या वैयक्तिक संशयाची राहत नाही, व्यवसायाच्या रीतीची होते. हा फरक फार मोठा आहे.

२००२ साली अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम कंपनीत ३८० कोटी डॉलरचा चालू खर्च भांडवली खर्च म्हणून दाखवून नफा फुगवल्याचे उघड केले ते सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. वित्त विभागाच्या प्रमुखाने तपासणी पुढे ढकलायला सांगितली, तेव्हा कूपर संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले, ते योग्यच. पण त्यांच्याजवळ रात्रीचा दिवस करणारे सहकारी होते आणि दाद मागायला दार होते, हेही आपण पाहायला हवे. अंतर्गत लेखापरीक्षकांची जागतिक संघटना १९४१ मध्ये न्यूयॉर्कला अवघ्या २४ सभासदांनी सुरू केली. ज्ञान वाटून घेत पुढे जायचे, हेच तिचे ब्रीद आहे. तिची नवी जागतिक मानके जानेवारी २०२५ पासून लागू झाली. एकूण ५२ मानकांतले पहिलेच प्रामाणिकपणा आणि व्यावसायिक धैर्याबद्दल आहे. सतत शिकत राहण्याचे मानकही त्याच नीतिमत्तेच्या विभागात घातले आहे, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

मोबाइलवर वेबिनार फुकट ऐकायला मिळतात, मग माणूस पाठवायचा कशाला, असेही विचारले जाते. नवा नियम समजून घ्यायला वेबिनार उत्तम, विशेषतः जत किंवा आटपाडीच्या शाखेत काम करणाऱ्या, घर सोडून दोन दिवस पुण्याला जाणे शक्य नसलेल्या महिला तपासणीसांसाठी. पण चेअरमनच्या मेहुण्याच्या खात्यावर शेरा कसा लिहावा, हा प्रश्न कोणी तीनशे अनोळखी लोकांपुढे वेबिनारमध्ये विचारत नाही. तो विश्वासातल्या माणसाला विचारला जातो, आणि विश्वास समोरासमोर बसूनच तयार होतो. शिवाय मानके इंग्रजीत, परिपत्रके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत. आपल्या पतसंस्थेतल्या तपासणीसाला अहवाल मराठीत लिहायचा असतो आणि मराठीत बोलणाऱ्या संचालकांना पटवायचा असतो. चार संस्थांचे तपासणीस बसले की त्यांच्या हातून मराठी तपासणी-सूची तयार होते, सोनेतारणाची, पिग्मीची, शाखा समायोजनाची. असे काम पुण्या-मुंबईहून कोणी आपल्यासाठी करून पाठवणार नाही.

माणूस शिकवला की तो पुण्याच्या मोठ्या बँकेत जातो, ही लहान संस्थांची तक्रार खरी आहे. पण जाणाऱ्यांशी बोलून पाहा. पगार हे एक कारण असते. त्याच्या जोडीला आपल्या अहवालाला किंमत नाही, विभाग म्हणजे अडगळ, वर जायची वाट नाही, हेही ते सांगतात. न शिकवल्याने ही माणसे थांबत नाहीत, फक्त न शिकताच निघून जातात. आणि ज्या संस्थेचा तपासणीस कोणालाच नको आहे, त्या संस्थेच्या तपासणीची काय प्रत असेल?

स्पर्धक संस्थांची माणसे एकमेकांना का शिकवतील, या शंकेचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागांत आहे. बाजारात हे बागायतदार एकमेकांचे स्पर्धक, तरी छाटणी कधी घ्यावी, डाऊनी रोग कसा रोखावा हे ते चर्चासत्रांत भर मांडवात सांगतात. तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याने निवडलेला ‘तास-ए-गणेश’ वाण बांधाच्या आत दडवून ठेवला गेला नाही, तो महाराष्ट्रभर गेला. रोग शेजारच्या बागेत शिरला की आपल्या बागेत यायला वेळ लागत नाही, हे त्या शेतकऱ्याला पक्के कळते. एक पतसंस्था बुडाली की शेजारच्या सुस्थितीतल्या पतसंस्थेच्या दारातही ठेवीदारांची रांग लागते, हे आपण सांगलीकरांनी पाहिले आहे. मग त्या दोन संस्थांच्या तपासणीसांनी एकमेकांपासून लपवायचे ते काय?

आज प्रशिक्षणाच्या नावाखाली जे चालते त्याचे मी समर्थन करत नाही. हॉटेलातले एक व्याख्यान, जेवण, प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो, यावर आक्षेप घेणारा सभासद बरोबरच आहे. कायद्याचा आधार पुरेसा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम २४-अ सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या सहकारी शिक्षणाची जबाबदारी सांगतेच. मुद्दा तो खर्च कोणत्या रूपात होतो याचा आहे. माझी मागणी अशी की जिल्ह्यातल्या तपासणीसांची बैठक दर दोन महिन्यांनी, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत व्हावी, आणि ती रजा न समजता कर्तव्य समजली जावी. परत आलेल्या माणसाने पंधरा दिवसांत लेखापरीक्षण समितीपुढे एक पान ठेवावे : काय ऐकले आणि त्यावरून आपल्या तपासणी-सूचीत कोणती कलमे वाढवली. ज्या समितीला ते पान वाचायला वेळ नाही, तिच्याविषयी सभासदांनी सभेत विचारावे. अंदाजपत्रकात या कामाची ओळ ‘प्रशिक्षण व प्रवास’मधून काढून वेगळी दाखवावी, म्हणजे संचालकांचे अभ्यासदौरे आणि तपासणीसांचा अभ्यास एकाच रकमेत लपणार नाहीत. सुरुवात साखर कारखान्यांनी करावी. पुढच्या हंगामाची उचल वाटण्याआधी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कारखान्यांचे तपासणीस मागच्या येणेबाकीच्या याद्या घेऊन एका दिवसासाठी कऱ्हाडला एका टेबलाशी बसू शकतात. दोन्ही जिल्ह्यांतून तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.